देवळालीचा ताप लंडनला कसा पोचला?

मुंबईहून रेल्वेने नाशिकला निघालात, की गाडी कसारा घाट चढून पठारावर येते, इगतपुरीला वडा-चहा होतो आणि नाशिक रोड यायच्या अगदी आधी एक स्टेशन लागतं, देवळाली. हवा छान, झाडी दाट आणि जिकडेतिकडे लष्कराच्या पाट्या. भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा इथेच आहे.

आता मजा ऐका. तिकडे हजारो किलोमीटरवर, इंग्लंडमध्ये, एखादा माणूस विचित्र वागायला लागला, भलतंसलतं बरळायला लागला, की लोक म्हणतात, ‘हा डूलॅली झालाय!’ इंग्रजी शब्दकोशातही हा शब्द आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, असेल कुठलातरी बोबडा गमतीचा शब्द. पण डूलॅली म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आपली देवळाली! आपल्याकडे कुणी फारच वेड्यासारखं करायला लागलं, की वैतागलेली मोठी माणसं ‘याला येरवड्याला पाठवा’ म्हणतात ना (म्हणू नये, पण म्हणतात), तसंच हे. फरक इतकाच, की येरवड्याला खरोखर मनोरुग्णालय आहे. देवळालीने बिचारीने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

त्यासाठी दीडशे वर्षं मागे जायला हवं. १८६०च्या दशकात ब्रिटिशांनी देवळालीला मोठी छावणी उभी केली. इंग्लंडहून आलेला गोरा शिपाई मुंबई बंदरात उतरायचा, आगगाडीने देवळालीला यायचा, इथल्या उन्हापाण्याची जरा सवय करून घ्यायचा आणि मग पेशावर, मेरठ, रंगून, जिकडे हुकूम असेल तिकडे रवाना व्हायचा. नोकरीची मुदत संपली, की उलटा प्रवास. आधी देवळाली, मग मुंबई, मग घर.

सैनिकांची ने-आण करायला खास जहाजं होती. १८६६-६७ मध्ये एकदम पाच पाण्यात उतरवली. नावं मोठी झोकदार: क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाल्यावर तर इंग्लंड ते मुंबई थेट प्रवास व्हायला लागला. पण खरी गोम इथेच होती. ही जहाजं बारा महिने चालत नसत. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला आणि उन्हाळ्यात तांबडा समुद्र म्हणजे नुसती भट्टी. म्हणून हिवाळा हाच सैनिक नेण्याआणण्याचा मोसम. आता समजा, एखाद्या शिपायाची मुदत मोसमातलं शेवटचं जहाज सुटून गेल्यावर संपली. झाली का पंचाईत! पुढचं जहाज थेट पावसाळा उलटल्यावर. तोवर मुक्काम देवळाली.

आणि तिथे करायचं काय? कवायत नाही, लढाई नाही, कुणाचं काही काम नाही. बंदूक जमा करून टाकलेली. सकाळी उठायचं, बराकीच्या ओसरीत बसायचं, उन्हाकडे बघायचं, जेवायचं, पुन्हा बसायचं. वर्षानुवर्षं ज्या घराची स्वप्नं पाहिली, ते आता ‘जवळजवळ’ आलेलं. पण मधे समुद्र. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात होता. त्याने पुढे, १९३६ साली, आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात देवळालीतल्या या रिकामपणाबद्दल आहे. काहीजण दारू प्यायचे, मारामाऱ्या करायचे, काही तुरुंगातही जायचे. एरवी शहाण्यासारखी वागणारी माणसं इथे येऊन एकेक चमत्कारिक गोष्टी करायला लागायची. त्यात भर म्हणजे हिवताप. हिवताप डासांमुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला मिळाला तो १८९७ मध्ये. त्याआधी तापाने फणफणलेला शिपाई आणि कंटाळ्याने डोकं फिरलेला शिपाई यांच्यात त्याच्या दोस्तांना फारसा फरक दिसत नसे. दोघेही बरळायचेच.

या सगळ्याला शिपायांनी नाव दिलं, ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे नळ नव्हे हं! टॅप म्हणजे ताप. देवळालीचा ताप. ‘डोक्याला ताप’ असं आपण अजूनही म्हणतोच की. पुढे टॅप गळून पडला, ताप उतरला म्हणा ना, आणि नुसतं डूलॅली शिल्लक राहिलं.

पण ‘देवळाली’चं ‘डूलॅली’ आणि ‘ताप’चं ‘टॅप’ झालंच कसं? शिपाई मुद्दाम चेष्टा करत होते का? थोडी करतही असतील, पण खरं कारण कानात आणि मेंदूत आहे. आपला ‘ळ’ इंग्रजीत नाहीच. आपण ‘त’ म्हणताना जीभ दातांना लावतो आणि ‘ट’ म्हणताना वर टाळूकडे वळवतो. इंग्रजीत हे दोन वेगळे वर्ण नाहीत, दोघांच्या मधला एकच आवाज आहे. शास्त्रज्ञांनी तान्ह्या बाळांवर प्रयोग करून पाहिलेत. जगातल्या कुठल्याही भाषेतले असे बारीक फरक सहा महिन्यांच्या बाळाला कळतात! पण वर्षाचं होईपर्यंत त्याचा मेंदू घरातल्या भाषेपुरता तयार होतो आणि नको असलेले फरक सोडून देतो. म्हणजे वीस वर्षांच्या इंग्रज शिपायाच्या कानावर ‘देवळाली’ पडत होतं, पण ‘ळ’ ओळखायची त्याच्या मेंदूची सवय कधीच सुटली होती. मग मेंदूने आपल्याजवळचा त्यातल्या त्यात बरा आवाज उचलून तिथे बसवला. असाच ‘ख’चा ‘क’ झाला. पेशावरला १८४६ साली हॅरी लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने एक पथक उभारलं. लालभडक डगले दुरून दिसतात म्हणून त्याने आपल्या लोकांना धुळीच्या रंगाचे कपडे दिले. फारसीत खाक म्हणजे धूळ, म्हणून कपडे खाकी. ते नाव इंग्रज मंडळी म्हणायला लागली ‘काकी’. साहेब रोज सकाळी काकी घालून कामावर!

असे कितीतरी शब्द त्या काळच्या गोऱ्या शिपायांनी उचलले. हे शिपाई म्हणजे गरीब घरांतली पोरं. साहेबलोक मुन्शी ठेवून हिंदुस्तानी शिकायचे, परीक्षा द्यायचे. या पोरांचे मास्तर वेगळे होते: खानसामा, भिश्ती, धोबी, खेचरवाला, चहावाला. त्यामुळे त्यांच्या शब्दसंग्रहात सगळा बाजार आणि मुदपाकखाना. ‘देखो’चं झालं ‘डेको’. ‘जरा डेको घेतो’ म्हणजे जरा बघून येतो. ‘चिठ्ठी’ची झाली ‘चिट’, आणि ही तर इतकी फिरली की पुन्हा आपल्याकडेच परत आली. डॉक्टरांकडून चिट आणतो, क्लीन चिट मिळाली, असं आपण बेलाशक म्हणतो. ‘खुशी’ची झाली ‘कुशी’. कुशी नोकरी म्हणजे मऊ, सुखाची, बिनत्रासाची नोकरी. (आईच्या कुशीत शिरण्याशी तिचा काही संबंध नाही. पण असता तर मला आवडलं असतं.) आणि ‘रोटी’ची झाली ‘रूटी’. लष्करात खूप वर्षं इमानेइतबारे काढली की एक पदक मिळायचं. शिपाई त्याला म्हणायचे ‘रूटी गाँग’. शौर्याबिऱ्याचं काही नाही, इतकी वर्षं सरकारी रोट्या चापल्या म्हणून!

यातली माझी लाडकी आहे ‘डिक्सी’. आपली देगची हो! बिर्याणीची असते ती. पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये पेटलं आणि फ्रान्समधल्या खंदकांत लाखो ब्रिटिश सैनिक चिखलात उभे राहिले. त्यांच्यासाठी मागे कुठेतरी आडोशाला स्वयंपाक व्हायचा आणि मोठ्या लोखंडी डिक्सीत भरून दोघं-दोघं जण ती उचलून पुढे न्यायचे. वाटेत अंधार, निसरडं, आणि डोक्यावरून गोळे. खंदकात पोचेपर्यंत आतलं निम्मं सांडलेलं आणि उरलेलं थंडगार. भांडी कमी असल्याने रस्सा आणि चहा एकाच डिक्सीत व्हायचे. त्यामुळे चहाला कालच्या रश्श्याची चव, वर तेलाचा तवंग. त्या सैनिकांतल्या कित्येकांनी भारत पाहिलाही नव्हता. देगची हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. त्यांना हा शब्द मिळाला तो जुन्या, भारतात राहून आलेल्या हवालदारांच्या तोंडून.

लष्करी बोलीचं हे खास वैशिष्ट्य. ती शाळेत शिकवत नाहीत, पुस्तकात नसते. जुना शिपाई नव्याला देतो. नवा शिपाई ती भाषा बोलायला लागला की समजायचं, आता हा आपल्यातला झाला.

त्या खंदकांतला सगळ्यांत लाडका शब्द होता ‘ब्लायटी’. ब्लायटी म्हणजे घर. इंग्लंड. मायदेश. तुमच्या लक्षात आलं का हा कुठून आला ते? ‘विलायती’! अरबीत विलायत म्हणजे प्रांत, मुलूख. आपल्याकडे विलायत म्हणजे साहेबाचा देश, आणि तिकडून आलेलं ते सगळं विलायती. उत्तरेत ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून बिलायती. सोडावॉटरची बाटली पहिल्यांदा आली तेव्हा लोकांनी तिला चक्क ‘बिलायती पानी’ म्हटलं होतं. आणि आपली विलायती चिंच? ती तर मूळची मेक्सिकोकडची. तिने इंग्लंडचं तोंडही पाहिलेलं नाही! परदेशातून आली ना, मग विलायती. तर या ‘बिलायती’चं गोऱ्या शिपायांनी केलं ब्लायटी. शब्द होता आपला, परक्या देशासाठीचा. त्यांनी तो घेतला आणि स्वतःच्या घराचं नाव म्हणून वापरला. खंदकांत त्याला आणखी एक अर्थ फुटला. सैनिक एकमेकांना म्हणायचे, ‘त्याला ब्लायटी मिळाली, नशीबवान आहे!’ म्हणजे त्याला जखम झाली. जिवावर बेतणारी नाही, हातपाय कायमचा जाईल अशीही नाही, पण घरी पाठवावंच लागेल इतपत मोठी. गोळी लागावी असं माणसाला वाटायला लागतं, म्हणजे ते खंदक कसे असतील याचा अंदाज करा.

भीती वाटते तेव्हा माणूस काय करतो? सैनिक नावं ठेवतो. जर्मनांची एक लहान तोफ होती. तिचा गोळा आवाजापेक्षा जास्त वेगाने यायचा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गोळा त्याच्याही पुढे. म्हणजे तिकडे तोफ डागल्याचा आवाज तुमच्या कानावर यायच्या आत गोळा तुमच्याजवळ येऊन फुटलेला! लपायला वेळच नाही. फक्त सूंऽऽ आणि लगेच धडाम. ब्रिटिश सैनिकांनी त्याचं नाव ठेवलं ‘व्हिज-बँग’. मराठी शिपायाने ठेवलं असतं तर ‘सूं-धडाम’ झालं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांनी टाकलेला ४००० पौंडांचा, म्हणजे सुमारे १८०० किलोचा बाँब होता. वैमानिक त्याला म्हणायचे ‘कुकी’. बिस्किट! वर्तमानपत्रांनी मात्र तसल्या बाँबला भारदस्त नाव दिलं, ‘ब्लॉकबस्टर’, अख्खी वस्ती उडवणारा. युद्ध संपलं, बाँब गेले, नाव राहिलं. सिनेमावाल्यांनी तर ते युद्ध चालू असतानाच उचललं होतं. तुम्ही ज्या ब्लॉकबस्टर सिनेमाची तिकिटं काढता, तो शब्द असा आलाय.

या सगळ्या शब्दांचा हिशेब ठेवणारं कुणी होतं की नाही? होतं तर! हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीचा एक जाडजूड कोश केला, तो १८८६ साली निघाला. यूल लष्करी इंजिनियर, बर्नेल संस्कृतचा पंडित. कोशाचं नाव काय ठेवलं असेल? ‘हॉब्सन-जॉब्सन’! हे कुणा दोन साहेबांचं नाव नाही. मोहरमच्या मिरवणुकीत ‘या हसन! या हुसेन!’ असा शोक चालतो. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचं केलं हॉब्सन-जॉब्सन, कारण हॉब्सन आणि जॉब्सन ही आडनावं त्यांच्या ओळखीची. शिपायांच्या तोंडचा हाच नमुना यूलने कोशाचं नाव म्हणून छापला.

तुम्ही म्हणाल, सगळी मोडतोड काय ती त्यांनीच केली का? छे! आपणही काही कमी नाही. रात्री पहाऱ्यावरचा शिपाई अंधारात सावली दिसली की इंग्रजीत ओरडायचा, ‘हू कम्स देअर?’ कोण आहे तिकडे? आपल्या शिपायांना हे शब्द नुसते पाठ करायला लावलेले. त्यांच्या कानांनी त्यातून एक झकास शब्द काढला: ‘हुकुमदार!’ काय रुबाब आहे! ऐकणाऱ्याची गाळण उडालीच पाहिजे. हुकूम आपला, दार आपलं, आणि मूळ वाक्य सातासमुद्रापलीकडचं. ‘रिक्रूट’चा झाला ‘रंगरूट’. ‘ऑर्डर्ली’चा झाला ‘अर्दली’. पोरांची पलटण म्हणतो ती पलटण ‘प्लटून’वरून की ‘बटालियन’वरून, यावर पंडित भांडतात. भांडू देत.

पण एक शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. अठराव्या शतकात आपल्याकडे युरोपियन पद्धतीची कवायत शिकलेलं पायदळ आलं. ‘गार्ड’ म्हणजे राखणदार; त्यावरून त्या शिपायांना नाव पडलं ‘गारदी’. पानिपतावर १७६१ मध्ये मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी हा अशा पायदळाचा आणि तोफखान्याचा सरदार. तेव्हा या शब्दात मान होता. पण बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्यात शनिवारवाड्यात गारद्यांनीच कोवळ्या वयाच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. ज्यांनी राखायचं त्यांनीच मारलं. तेव्हापासून मराठीत गारदी म्हटलं की तलवार उपसलेला मारेकरीच डोळ्यांपुढे येतो. एका दुपारीत शब्दाचा अर्थ पार उलटा झाला.

इतके झटपट नाही, पण आपले आणखी काही जुने लष्करी शब्द असेच बदललेत, आणि तुम्ही ते रोज ऐकता. ‘मोर्चा’ घ्या. पूर्वी किल्ल्याला वेढा घालताना सैनिक खणून, माती रचून जी आडोशाची जागा तयार करायचे, तो मोर्चा. तिथे बसून गोळे डागायचे. मोर्चा एका जागी घट्ट बसलेला असायचा! आज मोर्चा म्हणजे रस्त्याने चालत, घोषणा देत जाणारी माणसं. बसणारा शब्द उठून चालायला लागला. ‘मोर्चेबांधणी’त मात्र त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, कारण चालणारा मोर्चा कोण कशाला बांधेल? ‘बिनी’ म्हणजे सैन्यात सगळ्यांच्या पुढे असणारी तुकडी. ती तुकडी गेली, आणि ‘बिनीचा शिलेदार’ आता कुठल्याही कामात पुढे असतो. ‘हुजुरात’ ही छत्रपतींच्या, पेशव्यांच्या खास हाताखालची फौज. हुजूर म्हणजे धनी, आणि त्याच्याजवळ राहणारा तो हुजऱ्या. आज कुणाला हुजऱ्या म्हणून बघा, भांडण ठरलेलं! आणि ‘बाजारबुणगे’? फौजेबरोबर चालणारे दुकानदार, हमाल, नोकरचाकर, असे लढाईत कामाला न येणारे सगळे. पानिपतच्या मोहिमेत तर यात्रेकरूही फौजेबरोबर निघाले होते. आज बाजारबुणगे म्हणजे बिनकामाचे लोक. मला हे थोडं अन्यायाचं वाटतं. या लोकांनी दाणा-वैरण आणली नसती, तर बिनीचे शिलेदार काय खाऊन लढले असते?

बरं, मराठी फौजेचे शब्द बाहेरही गेले. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४०च्या दशकात बंगालवर वारंवार चालून गेल्या, तेव्हा तिथल्या लोकांनी बारगीरचं केलं ‘बोर्गी’. गावं लुटणारे, भयंकर बोर्गी. बंगाली आया आजही बाळाला झोपवताना जी अंगाई म्हणतात, त्यात हे बोर्गी येतात. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात आपले जे शूर वीर, ते तिकडचे बागुलबुवा.

आता एक कोडं. असा कुठला शब्द आहे, जो शिवनेरीवरही आहे आणि रणगाड्यावरही? शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची पाण्याची टाकी आहेत. टाकं म्हणजे खडकात खोदलेला पाण्याचा हौद. मराठीतलं टाकं, गुजरातीतलं टांकुं आणि पोर्तुगीजांचा ‘तांके’ या सगळ्यांच्या सरमिसळीतून इंग्रजांचा ‘टँक’ झाला असं बरेच पंडित मानतात. मूळ नक्की कुणाचं, यावर त्यांच्यात अजून एकमत नाही. मुंबईत तळ्याला टँकच म्हणत. गवालिया टँक हे मैदान आहे ना, तिथे पूर्वी खरोखर तळं होतं.

तर १९१५ साली इंग्लंडमध्ये लिंकन नावाच्या गावात, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात, एक विचित्र लोखंडी धूड तयार होत होतं. खंदक ओलांडून जाणारी, गोळ्यांना न जुमानणारी गाडी. तिला आधी म्हणायचे ‘लँडशिप’, जमिनीवरचं जहाज. पण हे नाव शत्रूच्या हेरांनी ऐकलं तर? गुपित फुटलंच! म्हणून ठरवलं, कुणी विचारलं तर सांगायचं की वाळवंटात पाणी वाहून न्यायच्या टाक्या आहेत. काहींवर तर चक्क रशियन अक्षरांत रंगवलं, ‘जपून हाताळा, पेट्रोग्राड’. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, माल रशियाला चाललाय. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर त्या ‘टाक्या’ पहिल्यांदा धडधडत बाहेर आल्या आणि गुपित संपलं. नाव मात्र बदलायला कुणाला सवडच झाली नाही. थापेतून पडलेलं नाव कायमचं चिकटलं.

असंच नुसत्या सवयीने चिकटलेलं आणखी एक नाव म्हणजे ‘रॉजर’. सिनेमातला वैमानिक ‘रॉजर, रॉजर’ करतो तो. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रेडिओवर खरखर फार. ‘बी’ की ‘डी’ कळायचं नाही. म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षराला एकेक शब्द ठरवलेला. ‘आर’साठी रॉजर. आणि ‘आर’ म्हणजे ‘रिसीव्ह्ड’, निरोप मिळाला. लक्षात घ्या, मिळाला! ‘बरं, करतो’ नव्हे. त्याच्यासाठी ‘विल्को’ असा वेगळाच शब्द आहे. आईने ‘अभ्यासाला बस’ म्हटल्यावर तुम्ही ‘रॉजर’ म्हणालात, तर तुम्ही कबूल काहीच केलेलं नाही! (हा लेख आईने वाचला नाही तर बरं.) १९५६ मध्ये ‘आर’साठी रॉजर जाऊन ‘रोमिओ’ आला. तरी वैमानिक अजून रॉजरच म्हणतात.

ही बोली अजूनही ताजी आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे नव्याने दाखल झालेल्या मुलांना एक शब्द पहिल्याच आठवड्यात कळतो, ‘रगडा’. पॅटिसवर घालतात तो नव्हे. चूक केली की लोळण्या, बैठका, पळापळ अशी जी घाम काढणारी शिक्षा मिळते, तो रगडा. कवायत शिकवणारे मास्तर तिथे ‘उस्ताद’. सैन्यातला स्वयंपाक होतो ‘लंगर’मध्ये, आणि अधिकारी व जवान सगळे मिळून जेवतात तो ‘बडा खाना’. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. घराघरांतून माणसं सैन्यात जात आली आहेत, म्हणून गावाचंच नाव पडलं अपशिंगे मिलिटरी. अशा गावात तुमचे कुणी आजोबा असतील, सुभेदार नाहीतर हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तर त्यांच्याजवळ बसा आणि हे शब्द विचारा. माझ्यापेक्षा दहापट जास्त सांगतील. एकच सूचना: वही घेऊन जा, आणि संध्याकाळी दुसरं काही काम ठेवू नका.

त्यात एक नाव त्यांच्याकडून नक्की ऐकाल, ‘गणपत’. ब्रिटिश शिपायाला जसं सगळे ‘टॉमी’ म्हणायचे, तसं मराठा पलटणीतल्या जवानाला सैन्यात लाडाने गणपत म्हणतात. आणि एक गोरा गणपतही होऊन गेला. भारतीय सैन्यात गॉम्पर्ट्झ आडनावाचे एक इंग्रज अधिकारी होते. आता हे आडनाव मोठ्याने म्हणून बघा. झालं ना जिभेचं कडबोळं? त्यांच्या शिपायांचंही तेच व्हायचं. मग त्यांच्या कानांनी नेहमीचं काम केलं, जवळचा बरा आवाज उचलला आणि गॉम्पर्ट्झ साहेबांचे झाले गणपत साहेब. साहेबांना हे नाव इतकं आवडलं, की पुढे लडाखच्या प्रवासावर आणि हिमालयातल्या साहसांवर त्यांनी पुस्तकं लिहिली, ती याच टोपणनावाने. १९२०च्या दशकात ती पुस्तकं विलायतेत छापली गेली आणि मुखपृष्ठावर लेखकाचं नाव होतं, गणपत.